तीनशे पौंडांचा शिक्का आणि २८५ पौंडांचा माणूस

प्रश्न थोडक्यात असा. मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना यंदा पहिल्यांदाच धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जायचं आहे. वजन २८५ पौंड, म्हणजे १२९ किलो. ओळखीतला एक जण झाडावर चढून बसायचा आपला जुना क्लाइंबर स्टँड स्वस्तात देतोय, त्यावर ३०० पौंडांचा शिक्का आहे. ‘पंधरा पौंड शिल्लक राहतात, चालेल ना?’

नाही चालणार. पण ते पंधरा पौंड हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी अडचण स्टँडपेक्षा हार्नेसमध्ये (पडलात तर झेलणारे अंगावरचे पट्टे) आणि झाडामध्ये आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी माझ्याबद्दल. अठरा सीझन मी इथल्या झाडांवर बसलोय. पोटापाण्यासाठी गाड्यांच्या सीटांच्या चाचण्या करतो, म्हणजे एखादी वेल्ड किती हजार झटक्यांनंतर तडकते हे बघत बसणं हाच माझा धंदा. आणि एके काळी माझं वजन २७० पौंडांच्या घरात होतं, तेव्हा हे सगळं पुस्तकातून सांगत नाहीये.

क्लाइंबर न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. कोकणात किंवा गोव्यात माडावर चढायचं यंत्र पाहिलं असेल, दोन पायडल आणि तारेचे दोन फास. त्याचाच हा अमेरिकन चुलतभाऊ. खालचा भाग उभं राहायचा फळा, वरचा भाग बसायची सीट, दोन्हींना झाडाला मागून वेढा घालणारी एकेक केबल. सीटवर बसून पायांनी फळा वर ओढायचा, मग फळ्यावर उभं राहून सीट वर सरकवायची. सुरवंटासारखं असं करत पंधरा-वीस फुटांवर जायचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं मचाण गेलं, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसतात तेवढं उरलं. ते मचाण बांधलेलं, जागेवरच असणारं. इथला क्लाइंबर रोज पाठीवर वाहून न्यायचा, रोज नव्या झाडावर चढवायचा, आणि चढताना तुमचं सगळं वजन कधी वरच्या अर्ध्यावर तर कधी खालच्या अर्ध्यावर. दोघांत वाटून घेतलं जातं असा गैरसमज करून घेऊ नका.

आता पंधरा पौंडांचा हिशोब. शिक्क्यावरच्या आकड्यात माणूस आणि त्याच्यासोबतचं सगळं सामान धरलेलं असतं. तुमचे २८५ बाथरूममधल्या काट्यावरचे. नोव्हेंबरमधले बूट, आतला लोकरी थर, वरचा जाड सूट, हार्नेस: पंधरा-अठरा पौंड सहज. धनुष्य बाणांसकट सहा-सात. पाठपिशवीत पाणी, थर्मास, टॉर्च, सुरी, दोर: दहा. बेरीज ३२० च्या घरात गेली. कपडे घालून, पिशवी पाठीला लावून, धनुष्य हातात घेऊन एकदा काट्यावर उभे राहा. बायको हसेल, हसू दे. तो आकडा तुमचा खरा आकडा.

‘पण कंपनी चाचणी जास्त वजनावर घेते ना?’ घेते. तो जास्तीचा भाग ज्याच्यासाठी ठेवलेला असतो ते सगळं तुम्ही वापरणारच आहात. सीटवर धपकन बसलात की काय होतं ते बघा. लवचिक वस्तूवर वजन हळूहळू न टाकता एकदम सोडलं, अगदी शून्य उंचीवरून, तरी क्षणभर दुप्पट ताण येतो. दोन इंचावरून टेकलात तर त्याहून जास्त. मग मागच्या बाजूने हरीण आलं की तुम्ही वळणार, सगळा भार एका पायावर, तोही फळ्याच्या कोपऱ्यावर. तिथे वेल्डला नुसता वाक येत नाही, पीळ बसतो. आणि स्टँड जुना आहे. बहुतेक हलके क्लाइंबर ॲल्युमिनियमचे असतात, आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव पोलादासारखा नाही. पोलादावर ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळपास कायम टिकतं. ॲल्युमिनियमला अशी हद्द नसते, प्रत्येक चढउतार त्याच्या खात्यात जमा होत राहते. आधीच्या मालकाचं वजन किती होतं, त्याने किती सीझन वापरला, हिवाळाभर झाडावरच सोडला होता का, हे तुम्हाला कुठे माहीत आहे? प्लॅस्टिकच्या वेष्टनाखाली केबल गंजलेली असली तरी वरून नवरीसारखी दिसते. पट्टे खारी कुरतडतात, हे इथल्या प्रत्येक शिकाऱ्याने भोगलेलं आहे. म्हणून वजनदार माणसाने जुना क्लाइंबर घेऊ नये, या मताचा मी आहे. इतर कुठल्याही बाबतीत मी जुन्या वस्तूंचा भक्त आहे, माझं धनुष्यसुद्धा दुसऱ्या हाताचं आहे.

३५० पौंडांचे स्टँड मिळतात. समिट कंपनीचा व्हायपर ३०० चा, पण त्याच घराण्यातले गोलायथ आणि टायटन ३५० चे. लोन वुल्फचे क्लाइंबरही ३५० चे. तुमचे ३२० त्यात बसतात. निवडताना मात्र वजनाच्या आकड्याइतकंच चढायच्या पद्धतीकडे बघा. काही क्लाइंबरमध्ये वरचा भाग नुसता हातांनी टेकून अंग उचलायचा असतो. वजनाला हलके, पाठीवर न्यायला गोड, पण आपल्यासारख्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. दर फुटाला १३० किलो दंडांवर तोलायचे म्हणजे दहा फुटांवर घामाघूम, आणि दमलेला माणूस चुका करतो. समोर आडवा दांडा असलेला, त्या दांड्यावर बसून पाय उचलता येतील असा घ्या. दुकानात दाखवायला ठेवलेला असेल तर पूर्ण कपड्यांत त्यात बसून बघा. मांड्या दोन्ही बाजूंनी घासत असतील तर तासाभरात पाय बधिर होतील, आणि बधिर पायांनी उतरणं हा निराळाच खेळ आहे.

आता झाड. नवशिक्यांना वाटतं की जड माणसाचा स्टँड जास्त घसरतो. कागदावर तरी तसं नाही. फळा झाडाला धरतो कसा? तुमचं वजन खोडापासून काही अंतरावर पडतं, त्यामुळे फळ्याची बाहेरची कड खाली जाऊ बघते. त्या पिळाने मागची केबल खोडाला मागून आवळते आणि फळ्याची पुढची दातेरी पट्टी खोडाला समोरून रेटते. वजन दुप्पट झालं तर खाली ओढणारं बळ दुप्पट, पण आवळणंही दुप्पट. वजनाला वजन कटतं. उरतं ते अंतर. म्हणजे घसरायचं की नाही हे तुम्ही खोडापासून किती लांब उभे आहात त्यावर ठरतं. आणि भेदरलेला माणूस काय करतो? झाडाला मिठी मारतो. खोडाला चिकटून, पावलं पट्टीजवळ ठेवून उभा राहतो, आणि नेमकी तेव्हाच पकड सुटते. पावलं फळ्याच्या मधल्या भागात ठेवायची, भीती वाटली तरी.

वजन नडतं ते सालीला. घर्षणाचं गणित कितीही बरोबर असलं तरी ज्या सालीत पट्टीचे दात रुतलेत तीच सोलून निघाली तर गणित कुणाला सांगणार? तुमच्या वजनाखाली सालीवर माझ्यापेक्षा जास्त ओढ येते, आणि साल किती सोसेल हे कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.

हे मी फार महाग शिकलो. आमच्या मिशिगनमध्ये ॲश नावाचं झाड पूर्वी अमाप होतं. सरळसोट खोड, खाचांची साल, क्लाइंबरसाठी देवानेच घडवल्यासारखं. २००२ साली डेट्रॉईटच्या आसपास एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा चमकदार किडा सापडला आणि पुढच्या काही वर्षांत ही झाडं कोट्यवधींनी मेली. त्याच्या अळ्या सालीच्या आत, साल आणि लाकूड यांच्या मधोमध नागमोडी बोगदे कोरतात. बाहेरून झाड उभं, साल जागच्या जागी, पण आत तिला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. माझ्या तिसऱ्या की चौथ्या सीझनला, पहाटेच्या अंधारात, टॉर्चच्या उजेडात मला एक सुंदर सरळ खोड दिसलं. चौदा फुटांवर पोचलो, फळ्यावर उभा राहिलो, आणि पट्टीखालची साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली. फळा दीड-दोन फूट खाली गेला आणि पुढच्या धड सालीत अडकला. टेदर, म्हणजे हार्नेसला झाडाशी जोडणारा दोर, आखूड बांधला होता म्हणून मी फार गेलो नाही, पण जीव टांगणीला लागणं या शब्दप्रयोगाचा अर्थ त्या दिवशी अंगावर आला. उजाडल्यावर वर पाहिलं तर झाडाला एक पान नव्हतं. नोव्हेंबरात बहुतेक झाडांना नसतंच, म्हणून तर फसलो.

तेव्हापासून माझा नियम: झाड सप्टेंबरात निवडायचं, पानं हिरवी असताना, दिवसाउजेडी. ओक उत्तम, ट्यूलिप पॉप्लर चांगला. बीच आणि ॲस्पेन गुळगुळीत, त्यात पावसाने ओले किंवा सकाळी दवाने गोठलेले असले तर विचारूच नका. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे लांब पट्टे आधीच लोंबत असतात, ते बघूनच कळावं. खोड किती जाडीचं चालतं ते स्टँडच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आपण त्या मर्यादांच्या मधोमध राहायचं, कडेला जायचं नाही.

वर जाताना खोड बारीक होत जातं हेही विसरू नका. केबल तेवढीच, खोड बारीक, म्हणजे फळ्याची बाहेरची कड खाली कलते. जड माणसाखाली फळा स्वतःही थोडा वाकतो, त्यामुळे आपल्याला हा उतार दुप्पट जाणवतो. जमिनीवर सुरुवात करतानाच बाहेरची कड वीतभर वर उचललेली ठेवा, वर गेल्यावर ती आपसूक सपाट होते. खोड जास्तच निमुळतं असेल तर ते झाड सोडा. वीस फुटांवर, पुढे घसरणाऱ्या फळ्यावर बसून केबलची खीळ बदलण्याचा प्रयोग मी करून पाहिलेला नाही आणि करणारही नाही.

वरचा आणि खालचा भाग एकमेकांना दोरीने बांधणं ही पाच मिनिटांचीही नसलेली गोष्ट लोक टाळतात. तुम्ही सीटवर बसलेले, पाय उचलले, फळ्यावरचा भार गेला की त्याची पकडही गेली. तो सुटून खाली पडला तर तुम्ही पंधरा फुटांवर खुर्चीत अडकलेले, खाली यायला काही साधन नाही. हडकुळा माणूस खोडाला वेटोळं घालून कसाबसा उतरेल. आपण नाही उतरणार.

आता हार्नेस, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. स्टँडच्या खोक्यात कंपनी एक हार्नेस देते. माणूस विचार करतो की ३५० चा स्टँड घेतला, त्यात हार्नेस आला, काम झालं. त्या हार्नेसचं लेबल उलटून बघा. इथे शिकारीसाठी विकले जाणारे बहुतेक हार्नेस ३०० पौंडांपर्यंतचेच असतात, डबल एक्स्ट्रा लार्ज मापाचे सुद्धा. माप म्हणजे पट्टा कमरेला पुरतो एवढंच, भार किती झेलतो ते वेगळं. तुम्ही २८५, वर कपडे आणि बूट, पिशवी आणि धनुष्य वेगळ्या दोरीने ओढून घेतलंत तरी अंगावरचं वजन ३०० च्या पुढे. म्हणजे साडेतीनशेच्या स्टँडवर तुम्ही सुखरूप, आणि ज्या क्षणासाठी हार्नेस असतो नेमक्या त्या क्षणी त्याच्या हद्दीबाहेर.

उपाय आहे, पण तो शिकारीच्या दुकानात क्वचित मिळतो. उंच इमारतींवर आणि टॉवरवर काम करणाऱ्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात जा. तिथेही सर्वसाधारण हद्द ३१० पौंडांची असते, पण ४२० पौंडांचे पूर्ण अंगाचे हार्नेस मिळतात, थ्रीएम कंपनीचे आहेत. रंग भडक असतो, पण तो जॅकेटखाली जातो, आणि हरणाला तसाही केशरी नीट ओळखता येत नाही. मात्र हार्नेस ४२० चा घेतला आणि टेदर, धक्का शोषणारी घडीची पट्टी आणि झाडाला बांधायचा पट्टा जुन्या खोक्यातलेच वापरले, असं करू नका. साखळीतली प्रत्येक कडी त्याच आकड्याची हवी. धक्कापट्टी उलगडताना काही फूट लांब होते हेही ध्यानात ठेवा, तुमच्या पायाखाली तेवढी मोकळी जागा लागते.

टेदर किती लांब? बसल्यावर जेमतेम ढिला राहील एवढा. झटका वजनाच्या किती पट बसेल याचं गणित सोपं आहे. मोकळं पडण्याचं अंतर अधिक थांबण्याचं अंतर, भागिले थांबण्याचं अंतर. साठ सेंटिमीटर पडून तीस सेंटिमीटरमध्ये थांबलात तर सरासरी झटका वजनाच्या तिप्पट. तुमचं सामानासह अंगावरचं वजन १४० किलो धरलं तर ४२० किलो. टेदर ढिला ठेवून एकशे वीस सेंटिमीटर पडलात आणि त्याच तीस सेंटिमीटरमध्ये थांबलात तर पाचपट, म्हणजे ७०० किलो. ही सरासरी झाली, मधला क्षणभराचा सर्वांत मोठा झटका याहून वर जातो. एक हात जास्तीची दोरी एवढा फरक करते. म्हणून झाडाचा पट्टा डोक्याच्या उंचीवर, टेदर प्रुसिक गाठीने (ओढ बसली की आवळणारी, एरवी सरकवता येणारी गाठ) धरलेला, आणि चढताना सीटबरोबर तोही वर सरकवत न्यायचा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत बांधलेलं राहायचं. ‘वर पोचलो की बांधतो’ म्हणणारे लोक चढउतारातच पडतात.

आणि पडून लटकलात तर? हार्नेसने वाचवलं म्हणजे संपलं नाही. मांड्यांचे पट्टे नसा दाबतात, रक्त पायांत साठतं, आणि जड माणसाला हे लवकर जाणवतं. थोड्याच मिनिटांत गरगरायला लागतं. पाय ठेवायला पट्ट्याचा एक फास खिशात ठेवायचा, तो टेदरला अडकवून त्यात उभं राहायचं, पाय हलवत राहायचं, आणि शक्य तितक्या लवकर फळ्यावर परत यायचं. फोन आणि शिट्टी छातीच्या खिशात. पाठपिशवीतला फोन लटकलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. हे सगळं एकदा अंगणात, फळा गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवून, कुणीतरी शेजारी उभं असताना करून बघा. मी केलं तेव्हा कळलं की माझ्या पोटामुळे मला मांडीचा पट्टा दिसतच नाही, फक्त चाचपून सोडवता येतो. हे कळायला अंगण बरं.

शेवटी तुम्ही न विचारलेलं अजून एक. क्लाइंबरच का? सरकारी जंगलात रोज जागा बदलायची असेल तर ठीक, त्याला पर्याय कमी. पण कुणाच्या शेताच्या कडेला बसायची परवानगी असेल तर दोन माणसांचा शिडीचा स्टँड बघा. ते सहसा ५०० पौंडांचे असतात, रुंद बाक, पायऱ्या, चढताना अंग हातांवर तोलायला नको. उभारायला तीन माणसं लागतात आणि एकदा उभारला की वर्षभर तिथेच, हा तोटा. हार्नेसची कटकट मात्र त्यालाही तीच. किंवा पहिला सीझन जमिनीवरच्या तंबूत बसा. तुमचं पहिलं हरीण तुम्हाला पंधरा फुटांवरूनच दिसलं पाहिजे असा कुठे नियम नाही, माझं पहिलं मी मक्याच्या शेताच्या बांधावर बादली उलटी घालून तिच्यावर बसून पाहिलं.

क्लाइंबरच घ्यायचा ठरला तर पंधरा फुटांच्या वर जाऊ नका. बारा फूटही पुरतात, पाठीमागे फांद्यांची आडोशाची गर्दी असली म्हणजे. आणि निघताना झाडाचं ठिकाण फोनवरून घरी पाठवा, परतायची वेळ सांगा. आमच्याकडे वेळ ठरलेली आहे: अंधार पडल्यापासून दीड तास. तोवर माझा मेसेज आला नाही तर बायको शेजाऱ्याला उठवते. एकदा मी गाडीत बसून नुसता डबा खात होतो आणि दोघं टॉर्च घेऊन येऊन पोचले. त्या पोळीभाजीवरून मला अजून ऐकावं लागतं.